एका छायाचित्रांतील तीन जहाजें

गेल्या महायुद्धाचीं छायाचित्रें आम्हीं पुष्कळ पाहिलीं; परंतु मन पुनःपुनः वळतें तें न्यूयॉर्क बंदराच्या मार्च १९४० मधील एका छायाचित्राकडे. ‘नॉर्मंडी’, ‘क्वीन मेरी’ व ‘क्वीन एलिझाबेथ’ हीं त्या काळचीं सर्वांत मोठीं तीन उतारू जहाजें त्यांत शेजारीं शेजारीं उभीं आहेत. तिन्ही बांधलीं सुखप्रवासासाठीं. तिन्ही निवडलीं गेलीं सैन्याच्या वाहतुकीसाठीं.

‘नॉर्मंडी’ त्या बंदराबाहेर पडलेंच नाहीं. फेब्रुवारी १९४२ मध्यें त्याचें रूपांतर चालूं असतां लोखंडी खांब कापतांना ठिणगी उडून जीवरक्षक पट्ट्यांच्या ढिगास आग लागली, आणि ती विझविण्यास ओतलेल्या पाण्याच्या भारानेंच जहाज धक्क्याशीं कलंडलें. शत्रूचा एक गोळाही त्यास लागला नव्हता!

‘क्वीन मेरी’चा संसार मात्र पालटला. अंगावर राखी रंग चढला, गालिचे निघाले, पोहण्याच्या तलावांतही बिछान्यांच्या उतरंडी लागल्या. एरव्हीं दोन हजारांवर उतारू नेणाऱ्या या जहाजानें जुलै १९४३ मधील एका फेरींत १६,६८३ माणसें नेलीं. पाणबुड्यांपासून रक्षण करावयाचें तें वेगानें व नागमोडी चालीनें.

याच चालीनें २ ऑक्टोबर १९४२ रोजीं घात केला. आयर्लंडच्या उत्तरेस, सोबतीस आलेल्या ‘क्युरासो’ या ब्रिटिश युद्धनौकेवर तें आदळलें. नौकेचे दोन तुकडे झाले. तीनशेंहून अधिक खलाशी मृत्यु पावले. ‘क्वीन मेरी’ थांबलें नाहीं. वाटेंत कशासाठींही थांबूं नये, अशी सक्त आज्ञा होती, आणि जहाजावर सुमारें दहा हजार सैनिक होते.

बुडत्यास हात देणें हा दर्यावर्दीचा धर्म. आश्रितांस सुखरूप पोंचविणें हाही धर्मच. दोन धर्म समोरासमोर ठाकले असतां कोणताही पाळला तरी मनास टोंचणी राहतेच. त्या कप्तानास दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. त्यानें केलें तें सोपें होतें, असेंही म्हणवत नाहीं.

युद्धानंतर दोन्ही ‘क्वीन’ उतारूंच्या सेवेस लागलीं. ‘एलिझाबेथ’ १९७२ मध्यें हाँगकाँग बंदरांत जळालें. ‘मेरी’ १९६७ पासून अमेरिकेंतील लाँग बीच येथें स्थिरावलें आहे. घरांतील मुलांस हें छायाचित्र दाखवितांना जहाजांची लांबीरुंदी अवश्य सांगावी. परंतु मागें राहिलेल्या त्या खलाशांची गोष्टही सांगावी, एवढीच आमची वाचकांस विनंती.