कांद्याचा निकाल जिनिव्हात लागला नाही

जागतिक व्यापार संघटनेत गेल्यापासून मतदाराला किंमत उरली नाही, सगळं जिनिव्हात ठरतं, असं, ही संघटना ज्यातून उभी राहिली त्या डंकेल प्रस्तावाच्या काळापासून सांगितलं जातं. डावे आणि स्वदेशीवाले तेव्हा एका सुरात हेच बजावत होते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मात्र डंकेलचं उघड स्वागत केलं. नाशिक जिल्ह्याचा अनुभव जोशींच्या बाजूने साक्ष देतो.

8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडवला गेला. ही बंदी कुठल्याही कराराने लादलेली नव्हती. 1998 मध्ये महागड्या कांद्याने दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, त्याची धास्ती सत्ताधाऱ्यांना अजून आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या गॅट करारातल्या कलम 11 मध्ये तर निर्यातबंदीला मुळात मनाईच आहे. अन्नाची तीव्र टंचाई असेल तर तात्पुरती सूट मिळते. आयात शुल्काला कमाल मर्यादा बांधलेली आहे, निर्यात शुल्क मात्र जवळजवळ मोकाट. म्हणजे शेतकऱ्याला नडतात ते जागतिक नियम नव्हेत, त्यांतल्या फटी.

कडक नियमांनी शेतकरी मरतो, हा दुसरा आक्षेप. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून युरोपने आपली द्राक्षं अडवली. बागाईतदार पोळले, त्यांचा संताप रास्तच होता. पण फवारणीची नोंद, शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर, प्रयोगशाळेचा अहवाल हे सगळं पुढे बागेत रुळलं. लिहून दिलेला नियम पाळता येतो. रातोरात निघालेली अधिसूचना कशी पाळायची?

एप्रिल 2024 मध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, आणि नाशिकमध्ये भडका उडाला. 4 मे रोजी बंदी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. लोकसभेच्या 20 मेच्या मतदानात नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, भास्कर भगरे निवडून आले. शिवसेना आणि राष्ट्रवादीतल्या फुटीचा रागही त्यात होता, हे मान्य. तरी परदेशातला भाव रोज मोबाइलवर पाहणाऱ्या मतदाराने दिल्लीला जाब विचारला, हे नाकारता येणार नाही. जगाशी जोडलं गेल्याने त्याचं राजकारण बोथट झालं नाही, धारदार झालं.

आता प्रत्येक पक्षाने जाहीरनाम्यात लिहावं: निर्यातीवर बंधन आणायचं तर किती दिवस आधी सांगणार, आणि लागवडीनंतर आणलं तर भरपाई कोण देणार.