नाकाची साक्ष

न्यायशास्त्रांत गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानिला आहे. वायूस स्वतःचा गंध नाहीं. वाऱ्याबरोबर वास आला म्हणजे त्यांत पार्थिव कण मिसळले, असें नैयायिक म्हणतात. आमच्या सुशिक्षित घरांत मात्र फिनेलचा वा डांबराच्या गोळ्यांचा वास म्हणजेच स्वच्छता, आणि वास नसला कीं हवा निर्मळ, असें धरून चालतात. या दोन्ही समजुतींचा निरास होणें अगत्याचें आहे.

दुसरी समजूत अधिक घातक, म्हणून तिचा विचार आधीं करूं. न्हाणीघरांत गॅसचा गीझर बसविण्याची चाल आपल्याकडे बरीच रूढ झाली आहे. कोंदट जागेंत ज्योत जळत राहिली म्हणजे प्राणवायु कमी पडतो, ज्वलन अपुरें होतें व कार्बन मोनॉक्साइड नामक वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट ओढीनें चिकटतो. डोकें जड होतें, मळमळतें, आणि पुढें दाराची कडी काढण्याचेंही त्राण उरत नाहीं. न्हाणीघरांत धडधाकट माणसें मृत सांपडल्याच्या ज्या वार्ता येतात, त्यांतील कित्येकांचें मूळ हेंच असतें. कोणी म्हणतील, गॅसचा वास आम्हांस लगेच कळतो. परंतु तो वास इंधनाचा नव्हेच. गळती समजावी म्हणून एथिल मर्कॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळितात, व तें ज्योतींत जळून जातें. यास्तव गीझर बाहेर मोकळ्या हवेंत बसवून ऊन पाणी तेवढें नळानें आंत आणावें. झरोका उघडा ठेवूं, ही सबब आम्ही मानीत नाहीं. थंडी पडली कीं पहिल्यानें तोच बंद होतो!

आतां वासाच्या वस्तूंविषयीं. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलीं जुनीं दुपटीं तान्ह्या बाळास तशींच गुंडाळूं नयेत. रक्तपेशींतील एका द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकाच्या तांबड्या पेशी त्या वाफेनें फुटतात व दारुण कावीळ होते; आणि ती उणीव वरून दिसत नाहीं. बाळाच्या पेटींत कडुनिंबाचा वाळका पाला पुरे. डांसांसाठीं जाळतात त्या वेटोळ्याची गोष्ट याहून नवलाची. एका वेटोळ्यांतून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण निघतात, असें 2003 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत आढळलें. विडी ओढणाऱ्या पाहुण्यास अंगणांत धाडणारे आजोबा नातवाच्या उशाशीं हें वेटोळें स्वहस्तें लावितात. मच्छरदाणी काय वाईट होती? देवापुढची उदबत्तीही धूरच देते. ती खिडकी उघडून लावावी.

राहतां राहिलें स्वयंपाकघर. गॅसच्या निळ्या ज्योतींतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, व फोडणीचा धूर निराळाच. तेथें हवा बाहेर फेंकणारा पंखा बसविण्याचा खर्च बहुधा दिवाणखान्यांत ठरतो, आणि तेथें कोणास खोकला येत नसल्यामुळें तो वर्षानुवर्षें पुढें ढकलला जातो. सुनांनीं तो विषय काढण्याची वाट न पाहतां घरांतील वडील मंडळींनींच तो या महिन्यांत बसवून घ्यावा. पंखा चूल पेटविण्यापूर्वीं सुरू करावा, आणि ती विझल्यावरही कांहीं वेळ चालूं द्यावा.