आणखी किती दिवस किरायानं राहायलाव?

लातूर असो की नांदेड, तिशी ओलांडलेल्या नोकरदार माणसाला हा प्रश्न चुकत नाही. पाहुणे विचारतात, ऑफिसातले विचारतात, सोयरीक घेऊन आलेला मध्यस्थ तर चहाच्या आधी विचारतो. आणि सोबत ठरलेलं वाक्य असतंच: "किराया म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. तेवढ्यात हप्ता भरला तर घर आपलं होतं."

या वाक्यातला "तेवढ्यात" हा शब्द धरून बसा. सगळी गडबड तिथंच आहे.

लातूरला औसा रोडला किंवा नांदेडला तरोडा नाक्याकडं दोन बेडरूमचा चाळीस लाखाचा फ्लॅट धरू. तसाच फ्लॅट किरायानं दहा हजाराच्या आसपास मिळतो असं समजू. तुमच्या गल्लीतला आकडा वेगळा असेल तर तो घाला, पण दोन्ही आकडे एकाच इमारतीतले घ्या. नाहीतर लोक जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांचा किराया नव्या फ्लॅटच्या हप्त्याशी ताडून बघतात.

आठ लाख आपले, बत्तीस लाखाचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता बसतो २७,७७० रुपये. म्हणजे "तेवढ्यात" नाही, पावणेतीन पट. पहिल्या वर्षी भरलेल्या तीन लाख तेहतीस हजारांपैकी सुमारे दोन लाख सत्तर हजार नुसतं व्याज जातं. मुद्दल फिटतं त्रेसष्ट हजारांच्या आसपास. व्याज म्हणजे तरी काय, बँकेच्या पैशाचा किरायाच. घरमालकाला वर्षाला एक लाख वीस हजार देताना पोटात दुखतं आणि बँकेला दोन लाख सत्तर हजार देताना पेढे वाटतात, ही आपली गंमत आहे. करात सूट मिळते म्हणावं, तर नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

आता पूर्ण वीस वर्षांचं बघू. किराया दरवर्षी पाच टक्के वाढतो असं धरा. किरायानं राहणाऱ्यानं सुरुवातीचे आठ लाख, वाचलेली स्टॅम्प ड्युटी आणि हप्ता वजा किराया हा महिन्याचा फरक नेमानं गुंतवला, त्यावर सात टक्के मिळाले, तर विसाव्या वर्षाअखेर त्याच्याकडं एक कोटी पाच लाखाच्या आसपास जमतात. म्हणजे घरवाल्याचा चाळीस लाखाचा फ्लॅट त्या दिवशी एक कोटी पाच लाखाला विकला गेला तर दोघं बरोबरीत. त्यासाठी भाव वीस वर्षं सलग जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढायला पाहिजे. घरपट्टी, रंग, गळती, बोअरची मोटार हा खर्च मी धरलेलाच नाही.

वाढेल का तसा? प्लॉटचा वाढू शकतो. जमीन म्हातारी होत नाही, इमारत होते. वीस वर्षं जुन्या अपार्टमेंटमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट बंद, गच्चीवर डांबराचा थर, आणि समोर नवी इमारत उभी. गिऱ्हाईक कुठं जाईल?

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे. वरचा हिशोब कागदावरचा आहे. महिन्याला सतरा हजार सातशे बाजूला टाकणारा किरायेदार शंभरात किती सापडतील? लग्नकार्य, सोनं, चारचाकी, भावाची अडचण, त्यात पैसा जिरतो. हप्ता मात्र खात्यातून पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापला जातो, तो कुणाला उसना देता येत नाही. आपल्याकडच्या अनेक मास्तर लोकांकडं, बँकवाल्यांकडं आज जी मालमत्ता दिसते ती या सक्तीमुळं दिसते, फ्लॅटचा भाव वाढल्यामुळं नव्हे. ज्याचा हात सैल आहे त्यानं हप्ताच घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणून मिरवू नये.

ज्याची हरकत घ्यावी असे सौदे वेगळेच आहेत. पोरगं अकरावीला लातूरला आणायचं, नीटची तयारी, आई सोबत राहणार, दोन वर्षांचं काम. तेवढ्यासाठी फ्लॅट घेणारे पालक आहेत. "दोन वर्षांनी विकू, भाव तर वाढणारच." अहो, आपल्या महापालिका हद्दीत चाळीस लाखावर स्टॅम्प ड्युटी सहा टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार, वर नोंदणी फी तीस हजार. एकूण दोन लाख सत्तर हजार. बायकोच्या नावावर घेतलं तर ड्युटीत एक टक्का सूट, म्हणजे चाळीस हजार वाचतात. पण दोन वर्षांचा पूर्ण किरायाच अडीच लाखाच्या आत आहे! घरात पाय ठेवायच्या आधी सरकारला दिलेल्या पैशात दोन वर्षं राहून झालं असतं. विकतानाचं एजंटचं कमिशन पुन्हा वेगळं.

दुसरा सौदा: नोकरी पुण्यात, बदली कुठंही, आणि केवळ लग्न जमावं म्हणून लातुरात किंवा नांदेडात फ्लॅट. तो कुलूपबंद पडून राहतो किंवा दहा हजारानं जातो, आणि पोरगा पुण्यात वीस हजार किराया भरून इथला हप्ता फेडतो. बायोडेटावर "स्वतःचे घर" ही एक ओळ यावी म्हणून वीस वर्षांचं कर्ज. मुलीकडच्यांना सांगावंसं वाटतं, घर विचारू नका, कर्ज किती आहे ते विचारा.

तिसरा सौदा सगळ्यात वाईट. फ्लॅट परवडत नाही म्हणून शहराच्या कडेला बाँडवर घेतलेला गुंठा. नोटरी केलेल्या बाँडनं मालकी येत नाही, रजिस्ट्री लागते. एनए नाही, लेआउट मंजूर नाही, म्हणून बँक सहसा कर्ज देत नाही. मग माणूस रान विकून किंवा खाजगी व्याजानं पैसा उभा करतो. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची कामं त्यात घेतली. "पुढं सरकार रेग्युलर करतंच" हे एजंटचं पालुपद या मुदतवाढीवर चालतं. छोट्या अपार्टमेंटचंही बघून घ्या. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटचा प्रकल्प रेरात नोंदवण्याची सक्ती नाही, आणि आपल्याकडं असे किती तरी आहेत. तिथं कागद आपणच वकिलाकडून तपासायचे.

इतकं असूनही लोक घर का घेतात? हिशोब कळत नाही म्हणून घेतात असं मला वाटत नाही. किरायेदार म्हणून जी वागणूक मिळते, तिला कंटाळून घेतात. आडनाव विचारून खोली दाखवणारे, मुसलमान म्हटलं की "कालच दिली" म्हणणारे, मटण शिजवू नका, पाहुणे थांबवू नका, रात्री दहाला गेट बंद. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत घरात आधी कोण पाणी भरतो हे किरायेदाराला माहीत असतं. ट्यूशन एरियात तर चार पोरं ठेवली की डोईप्रमाणं जास्त मिळतं, मग कुटुंबाला अकरा महिन्यांनी "पोराचं लग्न काढलंय, खाली करा." आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या या भागात पक्क्या भिंतीची ओढ किती खोल आहे, ते बाहेरच्या गुंतवणूक सल्लागाराला काय कळणार.

म्हणून माझं म्हणणं असं की पुढची आठ-दहा वर्षं याच शहरात राहणं नक्की असेल, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल आणि कागद स्वच्छ असतील तर घर घ्या, राहायला घ्या. यातलं एकही नसेल तर किरायानं राहा. फक्त किरायानं राहायचं तर कायद्यानं राहा. आपल्याकडं बाँडपेपरवर दोन सह्या झाल्या की करार झाला असं समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्यानं नोंदवला नाही तर अटींबाबत किरायेदार सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दहा हजार किरायाच्या अकरा महिन्यांच्या कराराला स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे पावणेतीनशे रुपये. नोंदणी फी शहरात एक हजार. ऑनलाइन होतं.

घरमालकांना भीती असते की नोंदवलं की किरायेदार घर बळकावेल. उलट आहे. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही तो उठला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि तोवर दुप्पट दरानं भरपाई मागता येते. बाँडपेपरवाल्या घरमालकाला मात्र आधी करार काय होता हेच सिद्ध करत बसावं लागतं.