मुरुडच्या होमस्टेमध्ये तुमचं आधार किती दिवस मुक्कामाला असतं?

शुक्रवारी रात्री बुकिंग पक्कं झालं आणि पाचच मिनिटांत व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "सर्वांच्या आधारचे फोटो पाठवा. पुढची-मागची बाजू, क्लिअर पाहिजे." आम्ही सहा जण होतो. आठवडाभर दुसऱ्यांना ऑनलाइन सुरक्षेचं शहाणपण शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसानंही मुकाट्यानं बारा फोटो एका अनोळखी नंबरला पाठवून दिले. सुट्टीचा मूड होता, वाद कोण घालणार!

दुसऱ्या दिवशी मुरुडला पोहोचलो. दुपारी होमस्टेचे काका सकाळी बंदरावर मिळालेला पापलेट दाखवायला म्हणून मोबाईल घेऊन आले. गॅलरी वर सरकवत होते. एक मासा, मग कुणाचा तरी गणपती, मग माझ्या आईचं आधार कार्ड, मग परत मासा. आईनंही ते पाहिलं. ती काही बोलली नाही, पण माझ्याकडे मात्र बघितलं.

काकांना मी विचारलं, हे फोटो कधी काढून टाकता? ते म्हणाले, "अहो, काढून कसे टाकणार? उद्या पोलीस आले आणि अमुक तारखेला कोण उतरलं होतं म्हणून विचारलं तर?"

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. म्हणूनच हा विषय दिसतो तितका सोपा नाही.

भीती खोटी नाही

रायगडच्या किनाऱ्याला सुरक्षेबद्दल कुणी शिकवायची गरज नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रं आणि आरडीएक्स याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरवलं गेलं होतं. दिघी म्हणजे मुरुडच्या आगरदांड्याहून फेरीबोटीनं पलीकडचा काठ. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक बेवारस नौका लागली, तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या. आणि जुलै २०२५ मध्ये मुरुड तालुक्यातल्या कोर्लईसमोर रडारवर संशयास्पद बोट दिसली म्हणून अख्खी यंत्रणा धावली. नंतर पोलिसांनी सांगितलं की ती बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा, जीपीएस लावलेला बोया वाहत आला होता. (एका तरंगत्या 'कनेक्टेड डिव्हाइस'नं जिल्हा जागा ठेवला म्हणायचं.)

असं काही झालं की पहिली तपासणी लॉज आणि होमस्टेच्या रजिस्टरची होते. तेव्हा उतरलेला माणूस कोण हे मालकाला माहीत असायलाच हवं. पण ओळख तपासणं आणि ओळखीची प्रत साठवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गेली कित्येक वर्षं आपण त्या एकच समजून चाललोय.

एका फोटोचा प्रवास

"व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड असतं ना?" असतं. पण एन्क्रिप्शन फोटोला वाटेत सांभाळतं. तो पोहोचला की काकांच्या फोनमध्ये उघडा पडतो. ऑटो-डाउनलोड चालू असेल तर थेट गॅलरीत जातो. त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर तिथून गुगल फोटोजमध्ये. तेच खातं मुलाच्या जुन्या टॅबलेटवर उघडलेलं असेल तर तिथेही. मग खोल्यांचं बघणाऱ्या पोराला फॉरवर्ड, कारण गेटवर तोच असतो. दोन वर्षांनी काका नवा फोन घेतात, जुना दुकानात एक्स्चेंजला देतात. चॅटमधला एक फोटो डिलीट केल्यानं यातलं बाकी काही पुसलं जात नाही.

आणखी एक गोष्ट स्वतःच करून बघा. गुगल फोटोजच्या सर्चमध्ये "गव्हर्नमेंट ऑफ इंडिया" हे शब्द इंग्रजीत टाका. फोटोंवरचा मजकूर आता फोनला वाचता येतो, त्यामुळे तुमच्याकडे साठलेली सगळी कार्डं एका झटक्यात समोर येण्याची शक्यता आहे. काकांचा फोन ज्याच्या हाती लागेल त्याला शेकडो फोटो चाळत बसायची गरजच नाही.

फक्त आधारच्या फोटोवरून कुणी बँक खातं रिकामं करू शकत नाही, उगाच घाबरू नका. त्यासाठी ओटीपी किंवा बोटाचा ठसा लागतो. पण नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि बारा अंक एकत्र मिळाले की फसवणूक करणाऱ्याचं निम्मं काम होतं. तुमच्या नावावर सिम काढायचा प्रयत्न होऊ शकतो. किंवा "मी बँकेतून बोलतोय, तुमचा पत्ता अमुक ना?" असा खरा वाटणारा फोन येतो. वयस्कर माणसं इथेच फसतात. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. एकदा आई-बाबांचंही तपासा.

कायदा काय म्हणतो? थोडं हे, थोडं ते

२७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं एक सूचना काढली: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, परवाना नसलेल्या हॉटेल किंवा चित्रपटगृहासारख्या खासगी संस्थांना ती घ्यायचा किंवा ठेवायचा अधिकार नाही. गहजब झाला. दोनच दिवसांत केंद्र सरकारनं 'चुकीचा अर्थ निघू शकतो' म्हणून ती मागे घेतली आणि लोकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं असं सांगितलं. आता तारतम्य म्हणजे नेमकं काय, ते मुरुडच्या काकांनी कुठून समजून घ्यायचं? माझ्या मते तिथेच एक संधी गेली. सूचना बरोबर होती. ती मागे घेण्याऐवजी मालकांना पर्याय द्यायला हवा होता.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं की, दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितली नसेल तर, ती पुसायची. फुटली तर संबंधित माणसाला आणि मंडळाला कळवायचं. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. चार खोल्यांच्या होमस्टेला कुणी २५० कोटी लावणार नाही, हे उघड आहे. पण जबाबदारी त्यालाही आहे.

यातली गंमत बघा. हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू होतो. ड्रॉवरमधली कागदी झेरॉक्स जोवर स्कॅन होत नाही किंवा तिचा फोटो निघत नाही, तोवर ती या कायद्याच्या बाहेर. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मात्र पहिल्या क्षणापासून आत. म्हणजे ज्याला आपण सोय म्हणतो, तीच मालकाच्या गळ्यात जास्त जबाबदारी अडकवते.

आता मूळ प्रश्न. या साठवलेल्या फोटोनं सुरक्षा तरी मिळते का? फारशी नाही. फोटोतलं नाव आणि फोटो बदलणं मोबाईलवरच्या फुकट ॲपनंही जमतं. ज्याला लपायचंय तो खोटंच कार्ड पाठवेल, आणि ते "क्लिअर" असेल! खरी तपासणी कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये आहे. नव्या कार्डांच्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतो, आणि त्यावर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. प्राधिकरणाचं क्यूआर स्कॅनर ॲप इंटरनेट नसतानाही हे तपासतं, जे मुरुडमध्ये काही लहान गोष्ट नाही. स्कॅन करायचं, समोरच्या चेहऱ्याशी फोटो जुळवायचा, रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, शेवटचे चार अंक लिहायचे. पोलिसांना हवी ती माहिती यात असते आणि गॅलरीत काही राहत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राधिकरणाचे प्रमुख भुवनेश कुमार यांनीही हॉटेलांना आधारच्या झेरॉक्स घ्यायला बंदी करणारा नियम येत असल्याचं सांगितलं. नव्या आधार ॲपमधून हवी तेवढीच माहिती दाखवण्याची सोय त्याच दिशेनं आहे. २०२२ मध्ये जे मागे घेतलं ते वळसा घालून परत येतंय.

तोवर पाहुण्यानं काय करायचं? संकेतस्थळावरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र द्या, तेही चालायला हवं. फोटो पाठवावाच लागला तर त्यावर आडवं लिहा: "फक्त मुरुड मुक्कामासाठी", आणि तारीख. शक्यतो "पोहोचल्यावर दाखवतो" म्हणा. मी पुढच्या वेळी तसंच करणार आहे.

गेटवरचा कॅमेरा

काकांकडे चार कॅमेरे आहेत: गेट, पार्किंग, अंगण, मागची बाजू. अंगणात लहान मुलं खेळतात, बायका ओले कपडे वाळत घालतात. मी पासवर्ड विचारला. "तो कॅमेरेवाल्या पोराला माहीत."

इथे राजकोटची आठवण होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणी खोलीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आलं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीचे तरुण होते. त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' छापाचा, कंपनीतून आलेला तसाच होता, असं तपासातून समोर आलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार देशभरातल्या कॅमेऱ्यांतून सुमारे ५० हजार क्लिप चोरल्या गेल्या. त्या बायकांना आपलं चित्रण होतंय एवढंही माहीत नसेल.

स्वस्त कॅमेरा मोबाईलवर दिसतो कसा, हे समजलं की धोका समजतो. रेकॉर्डर कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेला असतो. तुम्ही ॲपमध्ये यंत्राचा क्रमांक आणि पासवर्ड टाकता, सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. तुमच्या जागी दुसऱ्या कुणी तेच टाकलं तर त्याचीही घालून देतो. क्रमांक रेकॉर्डरवरच्या स्टिकरवर असतो. उरतो फक्त पासवर्ड. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसनं अशाच साठेक तयार पासवर्डांच्या जोरावर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांच्याच माऱ्यानं २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. नऊ वर्षांनी राजकोटला तोच दरवाजा उघडा होता. एप्रिल २०२५ पासून सरकारनं नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, हे चांगलं झालं. पण भिंतीवर आधीच टांगलेल्यांचं काय?

तेव्हा मालकांनो, पासवर्ड तुमचा तुम्ही बदला. बसवणाऱ्याला दिलेला ॲक्सेस काढा. कॅमेऱ्याचं तोंड गेट आणि रस्त्याकडे करा. खोलीत, बाथरूमच्या वाटेवर तो नकोच. कुणाचं खासगी अंग संमतीशिवाय टिपणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं गेस्ट वायफाय चालू करा, म्हणजे त्यांचे फोन आणि तुमचा रेकॉर्डर एका नेटवर्कवर राहणार नाहीत. आणि पाहुण्यांनो, खोलीतल्या टीव्हीवर यूट्यूब लॉगिन करून तसंच सोडून येऊ नका. आमच्या खोलीत आधीच्या कुटुंबाचं खातं चालू होतं, त्यांनी काय काय पाहिलं ते सगळं दिसत होतं. विसरलात तर घरी येऊन गुगल खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून ते काढता येतं.

खोट्या बुकिंगबद्दल वेगळं लिहीन. तूर्तास एवढंच, की ॲडव्हान्स देण्याआधी गुगल मॅपवर जागा बघा आणि दुसऱ्या कुठून तरी नंबर पडताळा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

रविवारी निघण्याआधी काकांच्या फोनवर क्यूआर स्कॅनर टाकून दिला. माझ्या कार्डावर चालला, काका खूश. मग त्यांनी कपाटातून स्वतःचं कार्ड काढलं. ते जुनं, पहिल्या खेपेचं, त्याचा क्यूआर काही केल्या वाचला जाईना. नवं डाउनलोड करायला गेलो तर ओटीपी पनवेलला मुलाच्या नंबरवर गेला. मुलगा ड्युटीवर होता. "राहू द्या," काका म्हणाले, "तो गणपतीत येईल तेव्हा करू. तुमचे फोटो मात्र आत्ताच काढून टाकतो, कुठे दाबायचं ते दाखवा."