दखलपात्र



नवऱ्याने मारलं म्हणून बाई पोलीस ठाण्यात जाते. बऱ्याचदा तिच्या हातावर एक शब्द ठेवला जातो : अदखलपात्र. कायद्यात त्याचा अर्थ एवढाच, की दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बाईला मात्र ऐकू येतं ते वेगळंच : तुझं दुखणं दखल घेण्याच्या लायकीचं नाही.

ही लायकी ठरवतं कोण? इंग्रजीत 'नोटेबल' असा शब्द आहे. नोंद घेण्याजोगा, असा त्याचा अर्थ. मूळ लॅटिन 'नोटा', म्हणजे खूण. पुढे हाच शब्द माणसांना चिकटला आणि 'नोटेबल्स' म्हणजे प्रतिष्ठित मंडळी झाली. १७८७ साली फ्रान्सच्या राजाने कराचा प्रश्न सोडवायला अशा प्रतिष्ठितांची सभा बोलावली. त्यात सरदार होते, धर्मगुरू होते, बाई एकही नव्हती. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १७८९ मध्ये, भाकरीसाठी राजवाड्यावर चालून गेल्या त्या पॅरिसच्या बाजारातल्या बाया! खूण करणारा हात ज्याचा, तोच नोंदीचा मालक. पण इतिहास काही त्याच्या वहीपुरता थांबत नाही.

आपला 'दखल' शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ आत शिरणं. दाखल, दाखला ही त्याचीच भावंडं. म्हणजे दखल घेणं म्हणजे आत घेणं. बाईला उंबऱ्याच्या आत ठेवणारा समाज कागदावर मात्र तिला बाहेरच ठेवतो.

भोर-वेल्ह्याकडे पाहा. गुंजण मावळ, हिरडस मावळ ही नावं इतिहासाच्या पुस्तकात आहेत. वेल्हे तालुका आता सरकारदरबारी राजगड झाला. गडाची नोंद झाली, चांगलंच झालं. पण याच डोंगरात पावसात कंबर मोडेस्तोवर भाताची लावणी करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर शोधावं लागतं. सापडलंच तर कित्येकदा 'इतर हक्का'त. बाप गेला की भाऊ तिला हक्कसोडीच्या कागदावर सही करायला नेतात. त्या सहीची नोंद मात्र फेरफारात ताबडतोब होते!

याच पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं. 'बायकांचं गाणं' म्हणून सोडून दिलेलं हे ज्ञान नोंदीच्या लायकीचं कधी झालं? कुणीतरी जात्याशेजारी बसून ऐकलं तेव्हा. लायकी ओवीत आधीपासूनच होती, कमी होती ती ऐकणाऱ्यांची.

म्हणून आपल्या गटांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, 'अदखलपात्र' म्हणून बाईला परत पाठवलं तरी तक्रार वहीत लिहून घ्यायला लावावी आणि तिची प्रत मागावी. लिहून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. दोन, तिथेच थांबू नये. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि सासरी छळ होत असेल तर तो गुन्हा दखलपात्रच आहे, हे ठणकावून सांगावं. तीन, हक्कसोडीवर सही करण्याआधी बहिणीने गटात येऊन बोलावं, असा रिवाज पाडावा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे.

आणि गटाची स्वतःची एक वही ठेवावी. तारीख, गाव, काय झालं, कोण सोबत गेलं, काय उत्तर मिळालं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

आपली दखल आधी आपण घेऊ. मग ती घ्यायला लावू.