देवबाग–तारकर्ली–मालवण किनाऱ्यावरील पाण्याच्या वापराबाबत मागणीपत्र

प्रति,
मत्स्यव्यवसाय, बंदर व जिल्हा प्रशासनाचे अधिकारी, सिंधुदुर्ग

महोदय,

देवबाग, तारकर्ली आणि मालवण येथील रापणकर, गिलनेटवाले आणि गळाने मासे मारणारे होडीमालक यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. पर्यटनाला आमचा विरोध नाही. इथल्या कित्येक घरांत एक भाऊ रापणीवर जातो, दुसरा पर्यटकांची बोट चालवतो. म्हणूनच दोघांनी एका पाण्यात कसे वागायचे, ते लेखी ठरले पाहिजे. तोंडी समझोते आजवर पुष्कळ झाले आणि गर्दीच्या पहिल्याच सुट्टीत मोडले.

नियम करणाऱ्यांनी आधी रापण समजून घ्यावी. होडी किनाऱ्यावरून निघते, थव्याला वळसा घालत जाळे सोडते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसे लागून जाळे ओढतात. एकदा पाण्यात पडलेले जाळे कोणाला वाट देण्यासाठी बाजूला घेता येत नाही. एक जेट स्की त्या घेरात शिरली की बांगड्याचा थवा फुटतो आणि दोरावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाची त्या दिवसाची कमाई जाते. फाटलेले जाळे दाखवता येते, पळालेली मासळी दाखवता येत नाही. त्यामुळे आजवर या नुकसानीची नोंदच झालेली नाही.

आम्ही नवी सवलत मागत नाही. जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला इंजिनावरच्या नौकेने वाट द्यावी, असे समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील १८ वा नियम सांगतो. ज्याला वळता येते त्याने वळावे, हा न्याय त्यामागे आहे. तोच या किनाऱ्यावर लागू करावा.

त्यासाठी १ ऑगस्ट ते ३१ मे या काळात, रापणीच्या निश्चित केलेल्या पट्ट्यांत किनाऱ्यापासून १ किलोमीटरपर्यंत, सूर्योदय ते सकाळी ९.३० जलक्रीडा बंद ठेवाव्यात. जाळे पाण्यात असेपर्यंत रापण संघ किनाऱ्यावर लाल निशाण लावील. निशाण असेल तर ९.३० नंतरही २०० मीटरच्या आत कोणी येऊ नये. त्या दिवशी रापण नसेल, तर ८ वाजताही पाणी मोकळे समजावे. जाळे न टाकता निशाण लावणाऱ्या संघाची सवलत आठ दिवस काढून घ्यावी. ही अट आम्हीच सुचवत आहोत. पर्यटकांची खरी गर्दी न्याहारीनंतर सुरू होते, त्यामुळे या वेळापत्रकाने कोणाचा धंदा बुडत नाही.

खडपांवरच्या जागांचा वाद वेगळा आहे. गळाची होडी पहाटे जाऊन नांगरते. मागाहून हौशी गळवाल्यांना घेऊन बोट येते, अगदी शेजारी थांबते, कधी नांगराच्या दोरावरूनच जाते. आधी नांगरेल त्याची जागा, ही इथली जुनी रीत आहे. तिला परवान्याच्या अटींत स्थान द्यावे: दुसऱ्या बोटीने किमान ५० मीटर अंतर ठेवावे आणि नांगरलेल्या होडीजवळून जाताना वेग ५ नॉटच्या आत असावा. पाणबुड्यांचे निशाण दिसेल तिथे आमच्या होड्याही १०० मीटरच्या आत गळ टाकणार नाहीत. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात प्रवाळ आहे. तिथे स्कुबाच्या बोटींना रोज नांगर टाकावा लागू नये म्हणून कायमच्या बोया बसवाव्यात.

कर्ली नदीच्या मुखाशी मात्र जबाबदारी आमची आहे. ती वाट अरुंद आहे आणि सगळ्यांची आहे. तिथल्या होड्यांच्या मार्गात सभासद जाळी लावणार नाहीत. रात्री सोडलेल्या जाळ्यांना दिवा आणि बोया असेल. नसेल तर भरपाईचा हक्क राहणार नाही.

पंख्यात जाळे अडकून तुटले तर २४ तासांत पंचनामा आणि १५ दिवसांत भरपाई मिळावी. त्यासाठी प्रत्येक पर्यटक बोटीच्या परवान्याबरोबर अनामत घ्यावी. बोटीच्या दोन्ही बाजूंना क्रमांक ठळक हवा, नाहीतर तक्रार कोणाविरुद्ध करायची?

पर्ससीन आणि एलईडी मासेमारीचा प्रश्न याहून मोठा आहे. तो आम्ही स्वतंत्रपणे मांडत आहोत. तो सुटेपर्यंत या मागण्या थांबवू नयेत.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत मच्छीमार, जलक्रीडा व्यावसायिक आणि संबंधित विभाग यांची एकत्र बैठक बोलवावी. रापणीचे पट्टे त्याच बैठकीत नकाशावर आखावेत आणि इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आदेश पुढचा मासेमारी हंगाम सुरू होण्याआधी निघावा. मुदतीत बैठकीची तारीख कळली नाही, तर संघटनेची सर्वसाधारण सभा आंदोलनाचा निर्णय घेईल आणि तो आपणांस सात दिवस आधी लेखी कळवील.

कार्यकारिणी व सर्व सभासद