उद्योगवाट : काचेतलं बेअरिंग

तळेगाव दाभाड्यात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत त्याचं भांडवल उभं केलं, टिळकांनी त्यांची पाठराखण केली. तिथे काच बनत होती आणि काच बनवणारी माणसंही तयार होत होती. आज बेअरिंगसाठी नावाजलेल्या शेफलरचा कारखाना याच तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. काच आणि बेअरिंग, दोन्ही जाणणाऱ्या या मावळ तालुक्याने आता काचेतच बेअरिंग कोरायला शिकावं, असं मी आग्रहाने म्हणतो.

मिलिमीटरहून लहान बेअरिंगची खरी अडचण जुळणीत असते. वस्तूची लांबी-रुंदी-उंची निम्मी केली की वजन आठव्या हिश्शावर येतं, पृष्ठभाग मात्र चौथ्याच. म्हणून इतके लहान भाग चिमट्याला चिकटतात, एकमेकांनाही चिकटतात. तेलाचा थेंब तर त्यांना जखडूनच टाकतो. कसलेल्या फिटरचा हातही इथे चालत नाही.

फेम्टोसेकंद लेझर ही जुळणीच टाळतो. त्याचा एकेक झोत सेकंदाच्या अब्जांशाच्याही दशलक्षाव्या भागाच्या हिशेबात मोजतात. एवढ्या वेळात उष्णता आजूबाजूला पसरायला फुरसतच मिळत नाही. शुद्ध सिलिका काचेतून तो आरपार जातो आणि फक्त जिथे केंद्रित होतो, तिथली काच बदलते. मग तुकडा रसायनात ठेवला की बदललेली काच इतर काचेच्या कितीतरी पट वेगाने विरघळते. उरतं ते कडं आणि त्याच्या आत मोकळा फिरणारा आस. दोन्ही एकाच तुकड्यातून, जागच्या जागी. अशा तीव्र, अतिलघु झोतांची वाट डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी 1985 मध्ये मोकळी केली. त्याबद्दल त्यांना 2018 मध्ये नोबेल मिळालं.

हे यंत्र महाग आहे, एकट्या लघुउद्योजकाच्या आवाक्याबाहेरचं. पण लघुउद्योगांच्या समूहाला सामाईक सुविधा केंद्रासाठी मदत करणारी केंद्र सरकारची योजना आहे. मावळातल्या टूलरूमवाल्यांनी एकत्र येऊन ती मागावी. या सुविधा केंद्राच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून आयटीआयच्या मुलामुलींसाठी बाकं हवीत. झोताची ऊर्जा किती ठेवायची, भिंग कुठे स्थिर करायचं, तुकडा रसायनातून कधी काढायचा, हे माहितीपुस्तिका वाचून येत नाही. नुसतं यंत्र आणून बसवलं तर ते झाकणाखालीच राहील.

रसायनाबद्दल मात्र मी तडजोड सुचवणार नाही. काच विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते कातडीतून थेट हाडापर्यंत पोचतं. त्याऐवजी गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइड चालतं. वेळ जास्त लागतो, पण कोरीवकाम अधिक नेटकं उतरतं. तेही दाहकच आहे, म्हणून केंद्रातच निष्प्रभ करायला हवं. इथल्या इंद्रायणी नदीने आधीच पुष्कळ सोसलं आहे. ही सोय कागदावर स्पष्ट नसेल, तर केंद्राला परवानगी देऊ नये.